रियाज सुटलाय. प्रेरणेची वाट बघू की परीक्षेचा फॉर्म भरू?

नववी मात्रा | सोमवार, रात्री १०.४०

मंडळी, राम राम.

वय ४७, मुक्काम नाशिक, नोकरी कारखान्यात क्वालिटीला. अडीच वर्षांपूर्वी मुलाला तबल्याच्या क्लासला घातलं. त्याला सोडायचं, बाहेरच्या बाकावर बसायचं आणि घेऊन यायचं, हे माझं काम. बाकावर बसून बसून तीनताल मलाच पाठ झाला. सहा महिन्यांत चिरंजीवांनी फुटबॉल धरला. वर्षाची फी भरलेली होती, ती वाया जाऊ नये म्हणून मी आत जाऊन बसलो. (हीच माझी मूळ प्रेरणा. हसू नका.)

पण मग खरंच गोडी लागली. जुनी जोडी (तबला-डग्गा) विकत घेतली. रोज पहाटे साडेपाचला अर्धा तास, न चुकता. गेल्या वर्षी गांधर्व महाविद्यालय मंडळाची प्रारंभिक, म्हणजे पहिली परीक्षा दिली. केंद्रावर रांगेतल्या एका नऊ वर्षांच्या मुलीनं विचारलं, "काका, तुमचा मुलगा आत गेलाय का?" म्हटलं, नाही गं, मीच जायचोय. तर ती म्हणाली, "घाबरू नका, सर चांगले आहेत." पास झालो, पेढे वाटले.

आता पुढची, प्रवेशिका प्रथम. नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्राला बसायचं ठरवलं होतं. जूनच्या अखेरीपर्यंत सगळं व्यवस्थित होतं. मग एक दिवस बुडाला, मग तीन, आणि आता दोन महिने होत आले. घरच्या तबल्यावर इस्त्रीचे कपडे असतात. क्लासला आठवड्यातून एकदा जातो, तिथे हात बरा चालतो. घरी बसलो की दोन मिनिटांत उठतो. कामाचा ताण वाढलेला नाही, तब्येत ठणठणीत. फक्त बसावंसं वाटत नाही.

माझा प्रश्न असा. मन होईपर्यंत थांबावं, की सरळ फॉर्म भरून मानगुटीवर परीक्षा बसवून घ्यावी? तुम्ही पोहणं, पळणं, भाषा, वजन, काहीही धरलं असेल तर ते कशाच्या जोरावर टिकलं? आणि सुटलं असेल तर का सुटलं, तेही लिहा.

चहाबाज | रात्री १०.४८

पहिला!
नव्याचे नऊ दिवस म्हणतात. तुमचे सातशे झाले की हो. तक्रार कसली करताय?

खवचट खापर | रात्री १०.५५

नववी मात्रा म्हणजे तीनतालातली खाली ना, जिथे टाळी न देता हात नुसता उचलतात? मग आयडी घेतानाच हात वर केले होते तुम्ही.

सांजवात | रात्री ११.१०

तबल्यावर इस्त्रीचे कपडे???
आमच्याकडे वाद्याला चुकून पाय लागला तरी नमस्कार करायला लावायचे. आधी ते कपडे उचला, प्रेरणेचं मग बघू.

ठाणेकर धावक | मंगळवार, पहाटे ४.५० (हो, पहाटे)

प्रेरणा हा शब्द मी सहा वर्षांपूर्वी टाकून दिला. वजन ९४ होतं, डॉक्टरांनी दम भरला म्हणून पळायला लागलो. ती भीती बरोबर पाच आठवडे पुरली.

त्यानंतर टिकलो ते एकाच कारणानं. आमचा पाच जणांचा कंपू आहे. पावणेपाचला खाली गाडी येऊन उभी राहते. हॉर्न वाजवत नाहीत, नुसते थांबतात. आपल्यापायी चार माणसं अंधारात ताटकळलीत म्हटल्यावर पांघरुणात पडून राहायला फार निगरगट्ट असावं लागतं. जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी मुंबईची पूर्ण मॅरेथॉन दोनदा केली, ४२.१९५ किमी. परतताना ऊन चढलेलं असतं आणि त्यात पेडर रोडचा चढ येतो. तिथे "मी हे का करतोय" याचं उत्तर कुणाकडेही नसतं. पुढच्याच्या बनियनकडे बघत चालायचं.

म्हणून सांगतो, मन होण्याची वाट बघू नका. कुणाला तरी रोज साडेपाचला घरी बोलवा.

खवचट खापर | सकाळी ९.१५

साडेपाचला तबला ऐकायला बोलवा म्हणताय? शेजारी आपणहून येतील. हातात काय असेल ते सांगता येत नाही.

दिमाग का दही | सकाळी ९.४०

शास्त्रीय माहिती देतो. कुठलीही सवय लागायला २१ दिवस लागतात. २१ दिवस डोळे मिटून करा, मग आपोआप होतं. मी सकाळी लिंबूपाणी असंच लावून घेतलं.

टीपकागद | सकाळी १०.२०

@दिमाग का दही, या २१ दिवसांचा उगम शास्त्रीय नाही. मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाचे अमेरिकन प्लास्टिक सर्जन होते. रुग्णांना आपला नवा चेहरा अंगवळणी पडायला किमान २१ दिवस लागतात असं त्यांना दिसलं, ते त्यांनी १९६० साली लिहिलं. "किमान" मधल्यामध्ये गळालं आणि नाकाचं गणित लिंबूपाण्याला लागलं.

मोजमाप केलं ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी. ९६ जणांनी रोजची एक साधी कृती निवडली, जेवणाबरोबर फळ खाणं, पाणी पिणं, पळून येणं, असलं काहीतरी. ती अंगात मुरायला सरासरी ६६ दिवस लागले. सर्वांत लवकर १८, सर्वांत उशिरा २५४. एखादा दिवस बुडाल्यानं फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं.

काथ्याकूट | सकाळी १०.५२

टीपकागद, दुरुस्ती. ६६ ही सरासरी नाही, मध्यक आहे (निम्म्यांना त्याहून कमी लागले, निम्म्यांना जास्त). शिवाय प्रयोग १२ आठवड्यांचा, म्हणजे ८४ दिवसांचा होता. मग २५४ कुठून आले? तो आलेख पुढे वाढवून काढलेला अंदाज आहे, कुणी २५४ दिवस बसून मोजलेले नाहीत.

टीपकागद | सकाळी ११.०५

मान्य. तुम्ही उठल्याचं कळलं.

सांजवात | सकाळी ११.३०

आणि आपल्याकडे तबलियांत चिल्ला असतो त्याचं काय? ४० दिवस खोली बंद करून नुसता रियाज. २१, ४०, ६६... प्रत्येकाचं पंचांग वेगळं.

पेठेतला प्रवासी | दुपारी १.४०

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नका.

मी पुण्यात सहा वर्षं स्पर्धा परीक्षा केली. अभ्यासिकेत माझ्या टेबलावर अधिकाऱ्यांचे फोटो चिकटवलेले होते. रात्री झोपताना यशस्वी उमेदवारांची भाषणं ऐकायचो. ऐकताना अंगावर काटा यायचा, आणि तो काटा आला की आज अभ्यास झाला असंच वाटायचं. दोन तास भाषण, चाळीस मिनिटं पुस्तक. मला प्रेरणा कधीच कमी पडली नाही हो, उतू जात होती. गणित आणि इंग्रजी कमी पडलं.

दोनदा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. तिसऱ्यांदा पूर्व परीक्षेतच गेलो आणि त्या दिवशी रूमवर येऊन भेळ खाताना लक्षात आलं की मला अधिकारी व्हायचं नाहीये, मला गावात "साहेब आले" ऐकायचंय. आता सांगलीला काकांबरोबर ठिबक सिंचनाच्या सामानाचं दुकान बघतो. परवा एका शेतकऱ्याला फिल्टर बसवून दिला, तर "साहेब, चहा घ्या" म्हणाला. म्हटलं, झालं, निकाल लागला.

तर नववी मात्रा (न.मा.), कदाचित तुमची तबल्याची हौस फिटली असेल. सोडून द्या की. धरलेलं सगळं तडीस नेलंच पाहिजे असा काही सरकारी आदेश नाही.

चहाबाज | दुपारी १.५५

भेळ कुठली?

पेठेतला प्रवासी | दुपारी १.५८

एवढं रामायण लिहिलं आणि तुम्हाला भेळ दिसली. 😄

माजघर | दुपारी ३.२०

प्रवासीभाऊ, तुमचा प्रतिसाद आवडला. पण सोडून देणं सगळीकडे सोपं नसतं, आणि ते बरंच असतं असं मला वारीत कळलं.

सासूबाई बरीच वर्षं आळंदीहून चालत जात. त्यांचे गुडघे बोलायला लागल्यावर त्यांच्या जागी मी गेले. खरं सांगायचं तर भक्ती वगैरे म्हणून नाही, नेम मोडायला नको एवढंच. पुण्यात दोन मुक्काम असतात, तिथवर मजेत गेले. मग पुणे ते सासवड, मधे दिवेघाट. त्या रात्री तळव्यांना हे एवढाले फोड. ठरवलं, उद्या फोन करून ह्यांना गाडी घेऊन बोलवायचं.

सासवडलाही दोन मुक्काम असतात, म्हणून विचार करायला एक दिवस मिळाला. पण निघायच्या दिवशी पहाटे तीनला दिंडीतल्या बायकांनी माझ्या अंगावरचा तंबूच सोडला. पुढच्या मुक्कामाला ट्रक लवकर पोचला पाहिजे, नाहीतर स्वयंपाक होत नाही. तंबू गेला, सतरंजी गेली. आता झोपणार कुठे? उठले, चालायला लागले. वाल्ह्याच्या आसपास दुखायचं थांबलं. पंढरपूरला कळस दिसला तेव्हा मात्र रडले, ते का ते अजून माहीत नाही.

इच्छा आहे का, असं मला त्या वीस दिवसांत कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी नाही म्हणाले असते.

ठाणेकर धावक | दुपारी ३.४५

माजघर, _/\_
खाली थांबलेली गाडी आणि सोडलेला तंबू एकच.

काथ्याकूट | सायं. ४.१०

एकच नाही. वारीला निघताना परतीची तारीख ठरलेली असते, एकादशीला संपते. तबल्याला आषाढी नाही.

म्युनिकची मैना | सायं. ६.३०

तारखेच्या जोरावर केलेल्याचं काय होतं ते माझ्याकडून ऐका.

इथे ब्लू कार्डवाल्यांना (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना) जर्मन बी१ या मधल्या पातळीपर्यंत येत असेल तर २१ महिन्यांत कायमच्या वास्तव्याची परवानगी मागता येते, ए१ या पहिल्या पातळीवर आता २७ महिने लागतात, माझ्या वेळी ३३ लागायचे. त्या वर्षभराच्या फरकासाठी मी मान मोडून अभ्यास केला. डेर-डी-डासच्या (जर्मन नामांच्या लिंगांच्या) चिठ्ठ्या फ्रीजवर, आरशावर, नवऱ्याच्या पाठीवर. पास झाले. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या कचऱ्यात आणि पुढची दीड वर्षं मी जर्मनला हात लावला नाही. निम्मं विसरले.

परत सुरू केलं ते लेकीच्या पाळणाघरातल्या पालकसभेमुळे. कुणीतरी विनोद केला, सगळ्या आया हसल्या, मी अर्धा सेकंद उशिरा हसले. लेक माझ्याकडे बघत होती. आता दर गुरुवारी शेजारच्या आजींकडे जाते. त्या माझ्या चुका सुधारतात आणि मी त्यांना पोहे शिकवते. कुठलीही परीक्षा नाही, आणि हे तीन वर्षं चाललंय.

न.मा., फॉर्म जरूर भरा. पण पेढे वाटल्यावर काय, ते आधीच ठरवा.

टीपकागद | सायं. ७.०५

मैनाताईंच्या अनुभवाला जुना आधार आहे. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या चित्रं काढायची आवड असलेल्या मुलांवर प्रयोग केला. काही मुलांना आधीच सांगितलं की चित्र काढलंत तर सोनेरी चांदणीचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी मोकळ्या वेळात पाहिलं, तर आमिष दाखवलेली मुलं इतरांच्या निम्म्यानंच रंगांकडे वळत होती. न सांगता बक्षीस मिळालेल्यांचं काही बिघडलं नव्हतं.

हार्मोनियमवाली | रात्री ८.४०

मी शिकवते, म्हणून परीक्षेवर बोलायचा मला हक्क आहे.

दर सत्राला मुलं येतात, ठरलेले राग घोटतात, परीक्षा झाली की पेटीला कुलूप. विशारद झालेल्या एका मुलीला परवा म्हटलं, काहीतरी वाजव. तर विचारते, "कुठल्या वर्षाचं?"

पण परीक्षेला नुसत्या शिव्या नकोत. विष्णु दिगंबर पलुसकरांनी ५ मे १९०१ला लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा गाणं दरबारात आणि मोजक्या घराण्यांत अडकलं होतं. वर्ग, क्रमिक पाठ, परीक्षा या वाटेनं ते सामान्य घरात आलं. त्यांच्या शिष्यांनी १९३१ साली मंडळ स्थापलं, ज्याची प्रारंभिक न.मा. पास झालेत. ती वाट नसती तर कारखान्यातला माणूस ४७व्या वर्षी बाकावरून उठून आत गेला असता का? परीक्षा हे दार आहे. दारात उभं राहून कुणी राहत नाही, एवढंच.

खवचट खापर | रात्री ९.००

मधल्या मधे एक शंका. न.मा.ंची फी वाया जाऊ नये ही प्रेरणा होती. मग या वर्षीची फी भरली नाही का?

नववी मात्रा | रात्री १०.१५

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

@खापर, भरली आहे. यंदा वाया जातेय याचं काही वाटत नाही, हेच तर दुखणं.
@सांजवात, कपडे उचलले.
@प्रवासी, तुमचं वाचून खूप वेळ विचार केला. हौस फिटली असती तर क्लासलाही कंटाळा आला असता. तिथे येत नाही. परवा कायद्याचे पलटे (एकाच बोलरचनेचे फिरवून केलेले प्रकार) वाजवताना सरांनी मान डोलावली, तर घरी येईपर्यंत स्टिअरिंगवर बोटं चालू होती. घरी तबल्यासमोर बसलो आणि गेलं सगळं.

शाईवाला | रात्री ११.३०

बरेच दिवस नुसता वाचक आहे, आज लॉगिन करावं लागलं. आमचा धंदा तबला-पखवाज दुरुस्तीचा, तीन पिढ्या.

साहेब, एकच विचारतो. क्लासमधली जोडी क्लासची आणि घरची जोडी तुमची, जुनी घेतलेली. बरोबर? घरची शेवटची सुरात कधी लावली?

नववी मात्रा | रात्री ११.४१

...मे महिन्यात. सरांनी लावून दिली होती.

शाईवाला | रात्री ११.५८

मग झालं तर. जूनअखेरीला बंद पडलं म्हणालात, तेव्हा नाशकात पाऊस लागला असणार. पुडी, म्हणजे तोंडावर ताणलेलं चामडं, बकऱ्याच्या कातड्याची असते, हवेतलं पाणी धरते आणि ढिली पडते. तबला उतरतो. डग्ग्याचा घुमारा जातो, नुसतं भद्द वाजतं. तुमचा हात आता शिकलेला आहे, कान तर त्याच्याही पुढे गेलाय. चांगलं ऐकायची सवय लागलेल्या माणसाला भद्द आवाजासमोर दोन मिनिटांच्या वर बसवत नाही. पहिल्या वर्षी कळलं नसतं, म्हणून तेव्हा पावसाळ्यात वाजवत राहिलात.

वाद्या (बाजूच्या चामडी पट्ट्या) तपासा. हातोडीनं गठ्ठे (वाद्यांखालचे लाकडी ठोकळे) खाली सरकवले की सूर चढतो, बारीक फरक गजऱ्यावर (पुडीच्या विणलेल्या कडेवर) ठोकून काढायचा. स्वतः प्रथमच करत असाल तर करू नका, पुडी फाटेल. शाईला (पुडीवरच्या काळ्या गोल लेपाला) भेग गेली असेल तर पुडीच बदलावी लागेल.

चहाबाज | बुधवार, सकाळी ८.०५

आयला!! ४० प्रतिसाद होतील म्हणून पॉपकॉर्न घेऊन बसलो होतो आणि हे हातोडीवर निभावलं?

खवचट खापर | सकाळी ८.३०

तुमची प्रेरणा रूपक तालातली आहे न.मा. समेवरच, म्हणजे पहिल्याच मात्रेवर, खाली.

(शाईवाले, लिहीत राहा. या संस्थळावर कामाचं बोलणारा माणूस दुर्मीळ.)

काथ्याकूट | सकाळी ९.२०

थांबा, थांबा. ढिली पुडी हे कारण असेल, पण दोन महिने ती न लावणं हा आळस नाही? सुरात नाही हे कान सांगत होते, तर सरांना एक फोन करता आला असता.

हार्मोनियमवाली | सकाळी १०.१०

काथ्याकूट, नाही कळत हो. माझ्या पेटीचा भाता गळत होता तेव्हा चार महिने मला वाटत होतं माझ्या हातातली ताकद गेली, वय झालं. वाद्य बिघडलंय असं पहिल्यांदा मनातच येत नाही, आपणच बिघडलोय असं येतं.

ठाणेकर धावक | सकाळी १०.३५

+१. आमच्यातल्या एकाचं पळणं असंच सुटलं होतं. "मजा येत नाही" म्हणायचा. बुटांचे तळ झिजून गेले होते.

पेठेतला प्रवासी | सकाळी ११.००

माझं गणित मात्र हातोडीनं सुधारलं नसतं, हे नोंदवून ठेवतो.

नववी मात्रा | पुढचा रविवार, रात्री ९.३०

धागा वर काढतोय.

गुरुवारी जोडी घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्यांनी डग्ग्यावर एक थाप मारली आणि माझ्याकडे असं बघितलं की मला कपड्यांचं सांगावंसं वाटलं नाही. डग्ग्याची शाई खरंच भेगाळली होती, पुडी बदलली. तबला नुसता चढवला. घरी आणून रात्रीच वाजवला, मुलगा बाहेर येऊन म्हणाला, "बाबा, नवा घेतला?"

शुक्रवार, शनिवार, आज बसलो. आजचा दिवस खरं तर नको वाटत होता. काल रात्रपाळी होती, सूरही छान होता, तरी नको वाटत होतं. तेव्हा सगळं खापर पुडीवर फोडता येणार नाही, काथ्याकूट. वीस मिनिटं बसलो, बारावं-तेरावं मिनिट बरं गेलं.

धावकसाहेबांसारखी खाली थांबलेली गाडी हवी म्हणून क्लासमधल्या एका पोराला सांगितलंय, रोज सहाला त्यानं मला आणि मी त्याला एक पलटा फोनवर पाठवायचा. पोरगं सातवीत आहे. आजचा माझा पलटा ऐकून त्याचं उत्तर आलं, "काका, लय पळतेय."

फॉर्म अजून भरलेला नाही. सरांना विचारलं, तर म्हणाले, "झपताल दुगुनीत (दुप्पट लयीत) हातावर म्हणून दाखवा, मग बोलू." दोनदा चुकलो.

माजघर | रात्री ९.५०

सातवीतला गुरुबंधू! छान.

सांजवात | रात्री १०.०२

शाईवाले, आहात का? आमच्या सासऱ्यांची जोडी वीस वर्षं माळ्यावर आहे. दोन्ही पुड्या बदलायला साधारण किती खर्च येईल? आणि लाकूड किडलंय हे कसं ओळखायचं?

शाईवाला | रात्री १०.२०

व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय ताई. आधी फक्त फडक्यानं पुसा, पाणी लावू नका.